मायाचं टिमुर आणि आमचं तिरफळ

आज शेजारच्या नेपाळी मायाने आमच्या मसाल्याच्या डब्यातली तिरफळं हुंगली आणि ओरडलीच, "दीदी, ये तो हमारा टिमुर!" महाडला येऊन तीन वर्षं झाली, तिला ते कुठेच मिळालं नव्हतं. मी मूठभर दिली.

ती गेल्यावर आई म्हणाली, "गो, बी काढायला सांगितलंस काय? आणि तेच हाय कशावरून?"

अनवाणीच धावले. माया चटणी वाटत होती, बाजूला काळ्या बियांचा ढीग.

मी बियांचं विचारलं तर म्हणाली, "बीज कोई खाता है क्या, दीदी?"

मी आधी स्वतः चटणी चाखली. जीभ अजून बधिर आहे. चटणी मात्र तिच्या नवऱ्याच्या डब्यातून एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला गेलीसुद्धा.

टिमुर आणि तिरफळ एकच ना? कुणीतरी खात्रीने सांगा. तो परत येईपर्यंत मला काही सुचणार नाही.