शांताबाईंच्या घरातला करंट

“शांताबाईंच्या नव्या सुनेला हात लावला की माणूस...” एवढंच कानावर आलं आणि पिठाची गिरणी सुरू झाली. पुढचं सगळं ज्वारीबरोबर दळून गेलं! आमच्या गल्लीत किस्से असेच साठतात. निम्मे ऐकायचे, निम्मे जाऊन बघायचे. मी पिठाचा डबा घेऊन थेट शांताबाईंचंच घर गाठलं. शेजारी असतात कशाला?

*

सून रेवती, माहेर अकलूज. इलेक्ट्रॉनिक पार्टच्या कारखान्यात नोकरी. काम काय, तर माणसाच्या अंगातून किती करंट बाहेर पडतो ते मोजायचं! त्या झटक्यानं नाजूक पार्ट जळतात म्हणे.

“मग आपण लाइट बिल कशाला भरतो गं?” मी विचारलं.

“काकू, तो क्षणभरच असतो.”

“आमच्या ह्यांच्या रागासारखा?”

“काकांचा अजून मोजला नाही!”

*

अफवा पसरवली दूधवाल्यानं. थंडीत रेवतीनं स्टीलचं पातेलं पुढं केलं, ह्यानं धरलं आणि चट्‌कन ठिणगी! “वैनी, मीटर कुटं बसवलाय?” तेव्हापासून पातेलं जमिनीवर ठेवायला लावतो, दूध ओततो आणि पळतो.

*

शांताबाईंना मात्र हसू येईना. संक्रांतीत सुनेचं पहिलं हळदीकुंकू. “बायका आल्या न्हाईत तर पोरीला जल्मभर बोल लागंल की!” डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. समोरच्या जाधववैनींनी तर निरोपच धाडला होता, “मी येत न्हाय. वाण तेवढं खिडकीतनं द्या!”

*

रेवतीनं साहेबांना विचारून कारखान्यातला करंट मोजायचा मीटर घरी आणला. मी गल्लीभर सांगत सुटले, “अंगातला करंट फुकट मोजून मिळणार!” सगळ्या हजर. जाधववैनी पहिल्या नंबरला!

“मोजून झालं की अंगणातल्या लोखंडी तोटीला हात लावा, करंट उतरतो,” रेवती म्हणाली, “मग कुंकू लावताना चटका नाही बसणार.” बायकांनी तोटीला हात लावला आणि तोच हात कपाळाला नेला. एकीनं तर तोटीलाच कुंकू वाहिलं!

*

सगळ्यांचं झाल्यावर रेवतीनं स्वतःचा मोजला. काटा चांगलाच हलला. “बघा, हाय की न्हाय!” जाधववैनी ओरडल्या.

तेवढ्यात शांताबाई उठल्या. अंगात नायलॉनची साडी, पायात प्लॅस्टिकच्या चपला, सकाळपासून रेक्झिनच्या सोफ्यावर ऊठबस. मीटरच्या दांडीला बोट लावलं आणि काटा पार शेवटाला जाऊन टेकला!

शांताबाईंनी पदर सावरला.

“सुनंच्या अंगात करंट हाय, मी कुटं न्हाय म्हणते? पण ह्या घरात जास्त अजून माझाच!”