प्रमोद आणि भानामतीचा डबा

प्रमोदला एकदा भानामती करणारा म्हणून मार पडणार होता.

आणि मलाही, फुकटात. कारण गाडीवर मागे मी बसलो होतो.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. हार्ट अटॅक. दुकान उघडायच्या आधीच गेला.

आदिलाबादला त्याचं स्टेशनरीचं दुकान, शेजारी माझं भांड्यांचं. आठवडाभर वह्या-पेन विकणारा हा माणूस रविवारी गळ्यात दुर्बीण अडकवून माझ्या दारात उभा राहायचा. मला झोप प्रिय. त्याला काय त्याचं.

पक्षी बघणं मी एक वेळ समजू शकतो. पण त्याला जिओकॅशिंगचंही वेड होतं.

म्हणजे एक छोटा डबा कुठेतरी लपवायचा. त्यात किरकोळ वस्तू ठेवायच्या. ठिकाण मोबाईलच्या ॲपवर टाकायचं. मग कोणी अनोळखी माणूस जीपीएस बघत येणार, डबा शोधणार, आतल्या कागदावर नाव लिहिणार आणि डबा परत तिथेच ठेवून जाणार.

मी विचारलं, यात मिळतं काय?

काही नाही, म्हणाला. एवढ्या आनंदाने काही नाही म्हणणारा व्यापारी मी दुसरा पाहिला नाही.

तर थंडीतला एक रविवार. बेला गावाकडे निघालो.

कापसाची वेचणी चालू होती, तूर शेंगांवर आली होती. तारेवर पालपिट्टा दिसला की गाडी थांबणार. मराठीत त्याला नीलपंख म्हणतात, पण आम्ही तेलुगू मीडियमचे, आमच्या तोंडी पालपिट्टाच.

पुढे एक कापशी घार हवेत एका जागी पंख मारत थांबली होती. ती खाली झेप घेईपर्यंत बोलायचं नाही, अशी मला ताकीद. गप्प बसणं माझ्या रक्तात नाही, तरी बसलो. खरं सांगतो, फार बरं वाटलं.

तळ्याच्या काठावर भाकरी आणि जवसाची चटणी खाल्ली. मग म्हणाला, चल, डबा बघून येऊ. थोड्या दिवसांपूर्वी त्याने तो एका वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मोहाच्या झाडाच्या ढोलीत ठेवला होता.

झाडाखाली माणसं जमली होती.

डबा उघडा पडलेला. बाहुली, हिरवी बांगडी, एक नाणं आणि परक्या नावांचा कागद, सगळं मातीत मांडून ठेवलेलं. तसं मांडलेलं पाहून मलाही ती भानामतीच वाटली.

वावर एका काकूंचं. त्यांच्या सुनेचे दिवस भरत आलेले. त्याच झाडावरचा पिंगळा, घुबडाचाच भाऊबंद, रोज रात्री ओरडायचा, त्याने ती आधीच घाबरली होती. त्यात हा डबा सापडला. सकाळपासून तिने अन्नाला हात लावला नव्हता, तिथेच धुऱ्यावर बसून होती. काकूंचा मुलगा कुऱ्हाड घेऊन उभा. आधी झाड पाडणार, मग डबा ठेवणाऱ्याला बघून घेणार.

आमची गाडी अजून चालूच होती. मी मागून हळूच म्हणालो, निघू या.

प्रमोदने चावी फिरवून गाडी बंद केली.

"डबा माहा हाये, काकू."

मुलगा पुढे आला. काकूंनी त्याला हातानेच थांबवलं.

"काऊन ठेवला?"

प्रमोदने खेळ समजावून सांगितला. ॲप, सॅटेलाइट, सगळं. कोणाच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"लपवाचं होतं तं आपल्या घरी लपवाचं. दुसऱ्याच्या वावरात काऊन?"

प्रमोद गाडीवरून उतरला.

"चुकलं माहं," प्रमोद म्हणाला. "तुमाले इचाराले पाह्यजे होतं."

मग मातीतच मांडी घालून बसला आणि ती बाहुली उचलली.

"हे माह्या पोरीची हाये. तिनंच देल्ली डब्यात ठेवाले. हे येनी तिनं घातली. अन् हे वाकडी, मी."

काकूंनी बाहुली हातात घेतली. एक वेणी नीटनेटकी. दुसरी बैलाच्या कासऱ्यासारखी, जाडजूड आणि तिरपी.

काकूंनी दोन्ही वेण्यांवरून बोट फिरवलं. मग काकूंनी ती बाहुली सुनेच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "घे वं. बापानं घातलेली येनी हाये. काही नाई याच्यात."

सून थोडीशी हसली.

प्रमोदने तिला दुर्बीण दिली. पिंगळा ढोलीच्या तोंडाशीच बसला होता, मान खालीवर करत आमच्याकडे रोखून बघत होता. तिने किती तरी वेळ पाहिलं.

"हाच वरडते काय रातीचा? हा तं एवढासाक हाये."

"हाच. बायकोसंगं बोलते," प्रमोद म्हणाला.

मग तिने सासूकडे भाकरी मागितली. मुलाने कुऱ्हाड धुऱ्याला टेकवली आणि आमच्यासाठी चहा आणायला गेला. झाड वाचलं. आम्हीही वाचलो.

परत येताना म्हणाला, घरी सांगू नको. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, रविवारची भटकंती बंद करतील, ही त्याची एकच भीती. मी नाही सांगितलं.

प्रमोदच्या तेरवीला काकू आल्या, निरोप मीच धाडला होता. बेल्याहून, सून आणि नातवाला घेऊन.

प्रमोदची मुलगी ईश्वरी तो गेल्यापासून रडली नव्हती, धड बोललीही नव्हती. भिंतीला टेकून बसलेली असायची. काकू सरळ तिच्याजवळ जाऊन बसल्या.

"तुया बापाले आमचे लोक मारनार होते, पोरी. गाडी चालू होती त्यायची, निघून जाता आलं असतं. नाई गेले. माह्या सुनंच्या मनातलं भेव काढलं, मंग गेले."

ईश्वरीने मान वर केली.

"बाबा मार खाणार होते?"

आणि हसली. भरल्या घरात, मोठ्याने हसली. हसता हसता काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली, तेव्हा आम्हा सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन माझ्याकडे बघत उभ्या होत्या. मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

गुपित फुटलं, मित्रा. रागावू नकोस.

तुझी फार आठवण येते. निवांत राहा. तुला मनापासून नमस्कार.