पट्टा पास झाला

मी सहावीत होते तेव्हाची गोष्ट. आमच्या स्कूलबसमध्ये आठवीतली एक मुलगी होती. मी चढले की ती माझ्या बॅगेचा पट्टा धरून मला मागे ओढायची आणि अख्खी बस ओरडायची, "रिवर्स, रिवर्स!"

पट्टा पहिल्यांदा तुटला तेव्हा मी बाबांना म्हटलं, "बसमध्ये एक दीदी ओढते." बाबा जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात तपासणी विभागात होते. वस्तू तुटली म्हणजे माल कच्चा, एवढंच त्यांना कळायचं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी शिवण पाहिली. "धागाच भिकार आहे," असं म्हणून त्यांनी पट्टा नायलॉनच्या दोऱ्यानं शिवून दिला.

आठ दिवसांत तोही तुटला. मग बाबा गोहलपूरच्या बाजारातून ताडपत्रीचा जाड पट्टा आणि मूठभर रिव्हेट घेऊन आले. रविवारभर ठोकाठोकी चालली. शेवटी बॅग खिडकीच्या गजाला अडकवून ते स्वतः पट्ट्याला लोंबकळले.

"अहो, खिडकी येईल हातात!" आई किंचाळली.

"पास!" बाबा लोंबकळतच म्हणाले.

सोमवारी बसमध्ये त्या मुलीनं ओढलं. पट्टा जागचा हलला नाही. मीच बॅगेसकट उडून शेवटच्या सीटखाली गेले. बस इतकी हसली की ड्रायव्हर भैयानं गाडी थांबवली.

त्यानंतर रोज सकाळी माझं पोट दुखायला लागलं. आई ओवा द्यायची. मी इतका ओवा खाल्ला की माझ्या वहीलासुद्धा त्याचा वास येई. वर्गात उत्तर येत असूनही मी हात वर करेनाशी झाले. मला त्या मुलीची भीती वाटायची, आणि त्या मेल्या पट्ट्याचा भयंकर राग यायचा.

महिन्याभरानं बाबांनी मोठ्या ऐटीत विचारलं, "काय गं, टिकला की नाही?"

मी भोकाड पसरलं. "तो तुटत नाही बाबा, म्हणून ती मलाच फरफटत नेते! मला शाळेतच नाही जायचं."

बाबांचा चेहरा उतरला. "काहून सांगितलं नाहीस?"

"पहिल्या दिवशीच तर सांगितलं होतं!"

दुसऱ्या दिवशी ते ड्यूटी सोडून माझ्यासोबत शाळेत आले. प्रिन्सिपल मॅडमना आधी सगळं सांगितलं. मग खाली बघत म्हणाले, "मैडम, गलती मेरी भी है। मैं महीने भर पट्टा ही चेक करता रहा, बच्ची को देखा ही नहीं।"