बाटलीच्या काठावरचं मीठ

प्रयोगशाळेत बाटल्या धुण्यात मावशींची बावीस वर्षं गेली. नळाच्या पाण्यानं पाचदा, शुद्ध पाण्यानं दोनदा, मग जाळीवर उलटी. त्यांच्या हातच्या बाटलीत साबण औषधालासुद्धा सापडायचा नाही. म्हणून त्या सोमवारी मोठ्या सरांनी विचारलं, "मावशी, बाटल्यांत साबण राहतोय का?" तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली.

झालं होतं असं. संशोधन करणारी एक पोरगी पेशीतल्या प्रथिनांवर काम करायची. तिनंच मागे मावशींना समजावलं होतं, "पेशीत डीएनएचा लांबच लांब धागा असतो. त्यावर प्रथिनं येऊन बसतात. काही बसली की तिथलं जनुक चालू होतं, काही बसली की बंद. माझं प्रथिन बंद करणारं."

"म्हणजे आमच्या सासूबाई," मावशी म्हणाल्या होत्या. "कोठीच्या दारात बसल्या, की आत जायची कुणाची टाप नव्हती."

प्रथिन बसलं की नाही हे बघायला धागे जेलीच्या थरातून विजेनं पळवायचे आणि त्याचा फोटो काढायचा. आता प्रथिन बसलेला धागा कसा, तर डोक्यावर ओझं घेतलेल्या माणसासारखा मागे रेंगाळतो. मोकळा असेल तो पुढे पळतो. पोरीनं तीनदा प्रयोग केला, पण तिन्ही फोटोंत सगळे धागे मोकळेच पळालेले. सासूबाई काही केल्या दारात बसेनात! साबण राहिला तर असं होतं, असं कुणीतरी बोललं, आणि खापर फोडायला मावशींचं डोकं आयतंच सापडलं. निवृत्तीला दोन महिने उरलेले. जाता जाता हा डाग? त्या दिवशी डबा उघडलाच नाही त्यांनी.

दुपारी रागारागानं धुवायच्या ढिगात हात घातला, तर पोरीच्या प्रयोगातल्या मिठाच्या पाण्याची रिकामी बाटली हाती आली. वर तिच्याच अक्षरात 'पातळ' लिहिलेलं आणि काठावर मिठाचा हा जाड पांढरा थर! पातळ द्रावण वाळलं तर नुसता धुरकट डाग राहतो. असा थर फक्त घट्ट मिठाच्या बाटलीला. मावशींनी ती बाटली तशीच, न धुता, सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

पोरीनं बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अगं आई गं! पाणी घालायचंच राहिलं. तिन्ही वेळा हेच वापरलं, सर. मीठ जास्त झालं की प्रथिनाची पकड सुटते."

"एवढी शिकलीस आणि मिठाचा अंदाज नाही?" मावशी फणकारल्या खऱ्या, पण जीव भांड्यात पडला होता.

"मी न बघता बोललो, मावशी," सर खाली बघत म्हणाले. "चुकलंच माझं."

"आधी हिचा फोटो नीट येऊ दे. मग बघू कोण चुकलं ते."

गुरुवारी पोरगी फोटो नाचवत मोरीपाशी धावत आली. "बसलं, मावशी, बसलं! बघा, धागा कसा मागे राहिलाय!" मावशींना एक काळी पट्टी तेवढी दिसली. त्यांना तेवढी पुरे होती.

"आज बाटल्या मी धुते. तुम्ही बसा."

"नको गं बाई," डबा उघडत मावशी म्हणाल्या, "मग खरंच साबण राहील."