आमच्या मेजरांचं अपील

आमच्याकडं लग्नात अक्षता पडायच्या आधी माइकवरून मानाचे पाहुणे पुकारतात. नऊ वर्षांपूर्वी मामेभावाच्या पोरीचं लग्न होतं, जिंतूरच्या मंगल कार्यालयात. माइकवाला गळा ताणून ओरडला, "पदकप्राप्त जवान यांनी सत्कारासाठी स्टेजवर यावं!" माझ्या मावसबहिणीचा नवरा उठला, ताठ चालत गेला. त्याला फेटा बांधला, शाल घातली, चार-चार फोटो काढले. बहीण पहिल्या रांगेत, नवी कोरी पैठणी, मान वर. मग उरलेल्या पाहुण्यांना टॉवेल-टोपी वाटली. त्या उरलेल्यांत आमचे मेजर. एका हातात काठी, दुसऱ्या हातात टॉवेल.

फौजेतून आलेल्या कुणालाही आमच्या गावात मेजरच म्हणतात, हुद्दा काही का असेना. मीही नवऱ्याला मेजरच म्हणते. ही मावसबहीण माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. आमची लग्नं एकाच मांडवात लागली, दोन फौजींशी, आणि दोघं एकाच कंपनीतले. मला जिंतूरकडं दिली, तिला पालमकडं. मी बारावी पास, दिसायलाही बरी. ती चौथीत शाळा सोडलेली. नशिबाचं माप माझ्याच बाजूनं झुकलंय असं मला वाटायचं, खोटं कशाला बोलू?

दोघं जखमीही एकाच दिवशी झाले. डोंगरात गस्तीवर असताना समोरून फायरिंग झालं, बॉम्बगोळा फुटला. त्याचे तुकडे आमच्या मेजरांच्या मांडीत घुसले, तिच्या नवऱ्याच्या खांद्यात. दोघं गडगडत खालच्या नाल्यात गेले. तिथंच मेजरांचा गुडघा मोडला. जवानांनी दोघांना नाल्यातून उचललं, म्हणून दवाखान्याच्या कागदावर कुणीतरी लिहिलं, "ड्यूटीवर असताना घसरून पडल्याने दुखापत." दोघांच्याही कागदावर तेच. शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्याला पदक मिळतं. घसरलेल्याला कोण देतंय?

पण तिच्या नवऱ्याचा कागद दुरुस्त झाला आणि त्या लग्नाच्या थोडंच आधी पदक आलं. आमचं काही आलं नाही.

आता सांगा, माणूस जळणार नाही तर काय करील? मी तर जिथं तिथं सांगत सुटले, वशिला लावला असणार, पदक इकत आणलंय. त्या लग्नातही बायकांच्या पंगतीत मी मोठ्यानं बोलले, "खरा मार आमच्या मेजरांनी खाल्लाय, बाकीच्यांच्या छातीवर नुसतं पितळ हाय." बहीण दोन पानं सोडून जेवत होती. तिनं ऐकलं. ऐकावं म्हणूनच बोलले होते. घरी येताना एसटीत मेजरांना शपथ घातली, "त्या माणसाला फोन करायचा न्हाई, त्याचा आला तर उचलायचा न्हाई. कराल तर माझं मेलेलं तोंड पाहाल."

मेजर म्हणाले, "अगं, तो माझा जोडीदार हाय."

"आसंल. जोडीदारानं पदक घेताना तुमची आठवण केली का?"

मी अंगणवाडीत नोकरीला, अक्षर चांगलं, म्हणून अपिलाचे सगळे अर्ज मीच लिहायचे. एक अर्ज नामंजूर झाला की दुसरा. मेजर नुसती सही करायचे. त्यांनी कधी तोंडानं पदक मागितलं नाही. पण अर्ज पोस्टात पडला की महिनाभर पोस्टमनची वाट पाहत ओट्यावर बसायचे, ते मला दिसत नव्हतं का? आणि तिकडं माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सव्वीस जानेवारीचा फोटो, पंधरा ऑगस्टचा फोटो, सतरा सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिदिनाचाही फोटो. झेंड्याखाली तिचा नवरा, छातीवर पदक, शेजारी ही. सगळे खाली फुलं टाकायचे. मी अंगठा टाकायचे आणि फोन पालथा ठेवायचे.

गेल्या वर्षी आमच्याही शाळेत झेंडावंदनाला मेजरांना बोलावलं. त्यांनी ट्रंकेतली फौजेची टोपी काढली, पुसली, घातली. शिफारशीसाठी मी ग्रामपंचायतीत कागदांची एक प्रत दिली होती. त्यातलं वाचून एका पुढाऱ्यानं माइकवर सांगितलं, "आपले मेजर, जे नाल्यात घसरून जखमी झाले..." पोरं खी खी हसली. मोठेही हसले. मेजर घरी आले, टोपी काढली आणि म्हणाले, "आता अर्ज बंद. मी घसरलो न्हाई, हे मला माहीत हाय. तेवढं बास."

तेवढं बास नव्हतं. त्या दिवसापासून ते पारावर जाईनासे झाले. मला काय पदकाचं सोनं हवं होतं? माझ्या माणसाला शत्रूचा मार लागला होता, हे सरकारी कागदावर यावं, एवढंच पाहिजे होतं. मी त्यांना न सांगता परभणीच्या कार्यालयात गेले, जिथं माजी सैनिकांची कामं होतात. तिथला कारकून भला माणूस. त्यानं फाइल चाळली आणि म्हणाला, "बाई, त्या वेळी कंपनीनं घरी पत्र पाठवलं असणार. अमुक चकमकीत जखमी, असं. ते जोडा. नाहीतर सोबत जखमी झालेल्याचं शपथपत्र आणा. तुमच्याच जिल्ह्यातल्या एका जवानाचं त्या पत्रावर तर काम झालंय."

तो जवान कोण, हे विचारायची गरज नव्हती.

पत्र आलं होतं. माझ्याही घरी आलं होतं. नवी नवरी मी, हिंदी पत्र वाचता येणारी घरात एकटीच. सासूबाईंपुढं ऐटीत वाचून दाखवलं, फायरिंग, जखमी, दवाखाना. सासूबाई ऊर बडवत म्हणाल्या, "फाड आगोदर! असलं पत्र घरात ठेवत न्हाईत." आमच्याकडं वाईट बातमीचा कागद उंबऱ्याच्या आत ठेवत नाहीत, वाचला की फाडायचा. मी चार तुकडे केले आणि उकिरड्यावर टाकून आले. पाय धुऊन घरात शिरले. नवऱ्याचा पुरावा असा स्वतःच्या हातानं फाडला, आणि इतकी वर्षं वशिल्याच्या नावानं बोंब मारत राहिले.

आता उरलं शपथपत्र. म्हणजे तिचं दार. दोन दिवस मी घरात भांडी आपटत फिरले. तिसऱ्या दिवशी मेजरांना म्हणाले, "चला पालमला."

"शपथ?"

"मीच घातली, मीच सोडली. चला."

बहिणीनं दार उघडलं. घटकाभर पाहिलं आणि म्हणाली, "ये अक्का." ना टोमणा, ना काही. त्याचाच मला जास्त राग आला. तिनं एक शब्द टाकला असता तर मला दोन टाकता आले असते. घर पाहिलं. शोकेसमध्ये पदक, त्याला खालून मखमल. तेव्हाही, सांगायला लाज वाटते, पहिलं मनात आलं ते हेच, की मखमल आपण हिच्यापेक्षा भारी आणू.

दोघं पुरुष मात्र एकमेकांच्या गळ्यात पडले. दाजी मेजरांचा गुडघा चाचपून पाहायला लागले, मेजर त्यांचा खांदा. मी पाणी पिऊन विचारलं, "तुमी ते पत्र कसं काय ठेवलं गं? फाडलं कामून न्हाई?"

बहीण म्हणाली, "मला कुठं हिंदी वाचता येतंय? शाळेचे गुरुजी गावाला गेलते, म्हणून डब्यात ठेवलं. चार दिवसांनी ते आले, वाचलं आन् म्हणाले, माणूस जित्ता हाय, कागद जपून ठेव."

चौथीत शाळा सोडलेली बाई. मी तोंडात पदर घातला.

मग मी दाजींना सांगितलं, शपथपत्र पाहिजे. दाजी आत गेले आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक स्टॅम्पपेपर घेऊन आले. कडा पिवळ्या पडलेल्या. सगळं लिहिलेलं होतं. फायरिंग, तुकडे, नाला, "माझ्यासमोर यांच्या मांडीला तुकडे लागले, ते घसरले नाहीत." खाली दाजींची सही, वकिलाचा शिक्का. तारीख नऊ वर्षांपूर्वीची.

"हे कधी केलं?" मी विचारलं.

"माझं पदक आलं त्याच महिन्यात," दाजी म्हणाले. "पह्यलं काम तेच केलं. फोन लावले, ह्यांनी उचलले न्हाईत."

मेजरांनी माझ्याकडं पाहिलं नाही. तेवढाही दोष त्यांनी मला दिला नाही.

बहीण हळूच म्हणाली, "मी घेऊन आलते अक्का तुझ्या गावी. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. वाणाचं पण आणलं होतं. तू खिडकीतून मला पाह्यलंस आन् दार लावून घेतलंस. मी घटकाभर ओट्यावर बसले, मंग दुपारच्या गाडीनं माघारी आले. ह्यांना सांगितलं, घरी कुणी नव्हतं."

मला आठवलं. कडी लावली होती, ती कडीसुद्धा आठवली. तिची हिरवी साडी पाहून जीव जळाला होता, म्हणून लावली होती. आणि तिनं घरी जाऊन माझी चुगली केली नाही, नऊ वर्षं. माझ्यासारखीनं केली असती. हे कळल्यावर मला रडू आलं आणि रडतानाही तिचा हेवाच वाटला, की ही असली कशी आहे आणि मी असली कशी आहे.

दुसऱ्या दिवशी परभणीला गेलो, तिघं. दाजींना कारकुनासमोर ओळख द्यायची होती. कारकुनानं शपथपत्र पाहिलं, खूश झाला, नवा अर्ज पुढं सरकवला. भरता भरता मी एका रकान्यापाशी थांबले. पुरावा जोडण्यास विलंब का झाला, ते लिहायचं होतं.

मेजर म्हणाले, "लिही, कागद सापडत नव्हता."

दाजी म्हणाले, "माझा पत्ता माहीत नव्हता, असं लिवा. चालतंय."

दोघं मला झाकत होते. मी लिहिलं, माझ्या त्याच चांगल्या अक्षरात, "अर्जदाराच्या पत्नीने जळफळाटापायी साक्षीदाराच्या घरच्यांना दार उघडले नाही. अर्जदाराची काही चूक नाही."

कारकून वाकून वाचत म्हणाला, "बाई, असं लिहीत नसतात. दिल्लीला जाणार हा कागद."

"जाऊ द्या," मी म्हणाले. "मेजरांच्या कागदावर एक खोटं आधीच हाय."

मेजरांनी अर्ज ओढून घेतला. आजवर त्यांनी माझा एकही अर्ज वाचून सही केली नव्हती. हा मात्र वरपासून खालपर्यंत वाचला, तो रकाना पुन्हा एकदा वाचला आणि सही केली.