तिसरी सरूबाई

माझं कुणी खरं धरलंच नाही! सख्ख्या आईनं नाही, छापखान्याच्या मालकानं नाही, गावानं तर नाहीच. सगळ्यांचं एकच म्हणणं : भूकंपात गेलेल्या माणसांच्या पुस्तकातून सख्ख्या बहिणीचं नाव मंगलनंच खोडलं.

मंगल म्हणजे मी. चौथी पास. लातुरात मुनीरभाईंच्या छापखान्यात बावीस वर्षं काढली. खाली मशीन, वर बाइंडिंग. वर मी आणि नसीमआपा, दोघी घड्या घालतो, शिलाई मारतो, खळ लावतो. कटिंग मशीनखाली कात्रण साचतं ना, तसे आमच्याकडं सारख्या नावांचे किस्से साचतात. रोज झाडा, रोज पोतंभर! पण लोक ते ऐकून हसतात आणि शेवटी माझ्याच तोंडाकडं बघतात. म्हणून एकदा सगळे सांगते. हसायचं तिथं हसा. बहिणीचं मात्र नीट ऐका.

* * *

दोन व्यंकटराव होते. एक व्यंकटराव पाटील जिते, एकसष्ट वर्षांचे, शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. त्यांचा गौरवग्रंथ. दुसरे व्यंकटराव पाटील हदगावकडचे, वारून वर्ष होत आलेलं. त्यांचा स्मृतिग्रंथ. दोन्ही एकाच आठवड्यात आले, एकाच मापाचे, एकाच कागदावर!

छापलेला मोठा कागद घडी घातला की सोळा पानं होतात, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. फर्म्याच्या पायाला बारीक अक्षरांत पुस्तकाचं नाव असतं. इथं दोन्हीकडं तेच : व्यंकटराव एक, व्यंकटराव दोन, व्यंकटराव तीन.

मी आमच्या मॅनेजरला म्हणलं, "विलासभाऊ, एक गठ्ठा खाली ठेवा. न्हाई तर मेलेला जित्यात जाईल."

विलास बी.कॉम. आहे. म्हणाला, "मंगलबाई, तुम्ही घड्या घाला. डोकं मी घालतो."

समारंभ झाला आणि दुसऱ्या दिवशी जिते व्यंकटराव गाडी घेऊन दारात! विलास मागच्या दारानं पसार. मुनीरभाईंनी हात जोडले, "साहेब, गलती झाली. तिसरा फर्मा दुसऱ्यांच्या पुस्तकाचा लागला."

"तिसरा?" व्यंकटराव खुर्चीत बसले. "तोच तर मी तीनदा वाचला. डोळ्याला पाणी आलं माझ्या. तो माणूस मी न्हाई?"

"न्हाई साहेब. ते हदगावचे."

व्यंकटरावांनी चष्मा काढला. मग हळूच म्हणाले, "मग माझ्याबद्दल असं एकानंही का लिहिलं न्हाई हो?"

* * *

नांदेडचं पार्सल तर मीच बांधलं होतं, पण पत्ता विलासनं घातला होता हे लिहून ठेवा!

नांदेडला एक जय भवानी महिला मंडळ. त्यांनी उपासाच्या पदार्थांचं पुस्तक काढलं. नांदेडलाच एक जय भवानी तालीम. त्यांचं व्यायामाचं पुस्तक. मी विचारलं, "भवानी कोणती?" विलास म्हणाला, "भवानी एकच असते." गेली दोन्ही पार्सलं एसटीनं.

पंधरा दिवस कुणाची तक्रार नाही. मलाच चैन पडेना. मुनीरभाईंना फोन लावायला लावला. तालमीचे वस्ताद म्हणाले, "पुस्तक परत मागू नका. पोरं रताळ्याच्या खिरीपर्यंत आली हायत."

महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "आमच्या दीडशे बैठका झाल्यात. दोघींचे नवरे आता सांजच्याला वेळेवर घरी येऊन राहिलेत. आम्ही पुस्तक देत नसतो!"

* * *

भूकंपानंतर लातुरात दोन गोष्टी लई उगवल्या. एक म्हणजे पत्र्याची घरं आणि दुसरं म्हणजे क्लासच्या पाट्या. ह्या गल्लीत विद्याझेप क्लासेस, त्या गल्लीतही विद्याझेप क्लासेस! दोन भागीदार भांडले, वेगळे झाले, पण नाव कुणी सोडेना. दोघंही यशोगाथेचं पुस्तक छापायला आमच्याकडंच.

मी पहिल्याच्या घड्या घातल्या. पहिल्या पानावर एका मुलीचा फोटो, बोर्डात आलेली, दोन वेण्या. मग दुसऱ्याच्या घड्या घ्यायला लागले तर तीच मुलगी! त्याच दोन वेण्या! खाली छापलेलं, 'आमच्याच क्लासची विद्यार्थिनी.'

मी ओरडले, "अगं आपा, ही पोरगी दोन ठिकाणी कशी शिकली?"

नसीमआपा म्हणाली, "एक वेणी इकडं, एक वेणी तिकडं."

विलास म्हणाला, "नाव सारखं, मुली वेगळ्या असतील. तुम्हाला काय कळतंय?"

फोटो समोर धरून हे म्हणाला! आठच दिवसांत मुलीचे वडील आले. अर्धापूरचे, केळीवाले. दोन्ही पुस्तकं मुनीरभाईंच्या टेबलावर आपटली. "कुठं शिकली हो माझी पोरगी? ती लातूरला एकदाच आली. फोटो काढायला!"

* * *

त्या दिवशी मुनीरभाईंनी हुकूम काढला : छपाईआधी प्रूफातली सगळी नावं मंगलबाई बघणार. एकच नाव दोनदा दिसलं की पेन्सिलीनं गोल करणार. मी चौथी पास, पण बोट ठेवून एकेक ओळ वाचते. माझ्या बोटाखालून नाव सुटत नाही.

लगेच एक वधूवरांची यादी आली. त्यात एकाच गावचा शिवाजी कदम तीनदा. मी तीन गोल केले. विलासनं विचारलं ना पुसलं, दोन शिवाजी खोडून टाकले!

पुस्तक वाटलं आणि एक म्हातारे काठी आपटत जिना चढून वर आले. "माझा शिवाजी कुठाय?"

विलास म्हणाला, "बाबा, एकच नाव तीनदा आलं होतं."

"आलं तर? गावात तीन घरी तीन शिवाजी असू नयेत का? एकाला दहा एकर पाणभरत रान. एक तलाठी. अन् तिसरा दिवसभर पारावर पडून राहतो. त्या पारावरच्याचंच नाव तेवढं ठेवलंय तुम्ही!"

काठी उगारली तेव्हा विलास कागदाच्या गठ्ठ्यांमागं होता. त्या दिवसापासून मुनीरभाईंनी हुकूम बदलला. मंगलबाईनं नुसता गोल करायचा. खोडायचं ते गिऱ्हाइकानं खोडायचं आणि शेजारी सही करायची. छापखान्यातल्या कुणी नावाला हात लावायचा नाही.

* * *

आता माझ्या गावचं पुस्तक.

भूकंप झाला तेव्हा मी लातुरात, सासरी. म्हणून वाचले. माझं माहेर सगळं दगडमातीचं, एका रात्री झोपलं ते उठलंच नाही. आई ढिगाऱ्यातून निघाली. सरू निघाली नाही. माझ्या पाठची. गावातच दिलेली होती. वय चोवीस.

कितीतरी वर्षांनी गावानं ठरवलं, गेलेल्या माणसांचं पुस्तक काढायचं. प्रत्येकाचं नाव आणि वय, बस्स. काम आमच्याच छापखान्याला आलं. प्रूफ माझ्यापुढं आलं. अर्धं गाव मान्यांचं, त्यामुळं सारखी नावं किती! बोट सरकवत सरकवत एका पानावर आले आणि बोट थांबलं.

सरूबाई माने, साठ वर्षं. सरूबाई माने, एकेचाळीस. सरूबाई माने, चोवीस.

तिसरी माझी. मी तिन्ही नावांना मिळून एक गोल केला आणि शेजारी लिहिलं, 'तिघी वेगळ्या. ठेवणे.' प्रूफ गावच्या समितीकडं गेलं. पाच-सहा जणांची समिती. त्याच आठवड्यात माझ्या लेकीचं बाळंतपण निघालं, मी तिच्या सासरी हदगावला गेले. परत आले तेव्हा पुस्तक छापून, बांधून, गावात पोचलेलं.

कार्यक्रमाला मी गेले. नव्या गावठाणात मांडव. आईला वाचता येत नाही. तिनं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं, "आपल्या सरूवर बोट ठेव गं. मला नुसतं बघू दे."

मी पान काढलं. साठ वर्षं. एकेचाळीस. त्याच्याखाली शांताबाई.

मी पुन्हा वरून वाचलं. पुन्हा वाचलं. आई म्हणाली, "अगं ठेव की बोट."

"आई, सरू न्हाई ह्याच्यात."

मांडवभर गलका झाला. कुणीतरी विलासला विचारलं, तोही आला होता. तो उभा राहून म्हणाला, "सारखी नावं बघायचं काम मंगलबाईंकडं असतं. ह्या नावांना त्यांनी गोल केलेला मी स्वतः पाहिलाय."

"मी ठेवणे लिहिलं होतं!" मी ओरडले. "प्रूफ काढ!"

"प्रूफ कुठं सापडतंय आता?"

मुनीरभाई खाली मान घालून बसले. आई माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही, ओळख नसल्यासारखी. "तूच खोडलंस व्हय गं तिला? दोनदा मेली माझी पोरगी."

समितीत असलेला सरूचा नवरा तेवढा पुढं आला. सगळ्यांदेखत म्हणाला, "जाऊ द्या अक्का. चूक माणसाच्याच हातून होते. मी तुम्हाला माफ केलं."

लोक म्हणाले, जावई असावा तर असा. आधीपासून त्याचं नावच होतं तसं. सरू गेल्यावर दुसऱ्या वर्षी त्यानं दुसरं लग्न केलं. नवरी इंदू नावाची. लग्नात तांदळाच्या ताटात नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो ना, तेव्हा ह्यानं लिहिलं, सरू! मी ताटाजवळच उभी होते, माझे डोळे पांढरे झाले. आई मात्र पदर डोळ्याला लावून म्हणाली, "पोरीची आठवण ठेवली जावयानं."

मांडवातून मी एकटी एसटीनं परत आले. आईनं बोलणं टाकलं. सणाला निरोप नाही, आजारपणाचा निरोप नाही. लेकीच्या बाळाला बघायलाही आली नाही. तीन महिने.

एक दिवस नसीमआपा पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होती. जाड पुस्तकाची पाठ मजबूत व्हावी म्हणून आतून रद्दी कागदाची पट्टी चिकटवतात, वरून पुठ्ठा. मी बघत बसले होते. एकदम म्हणलं, "आपा, ही रद्दी कुठली?"

"खालची. जुनी प्रूफं. दुसरी कुठली असती?"

"मी हदगावला होते त्या दिवसांत तू काय बांधलं?"

आपाच्या हातातला ब्रश थांबला. "विद्याझेपच्या केमिस्ट्रीच्या नोट्स. जाड."

"कोणत्या विद्याझेपच्या?"

"या अल्लाह! दोन्ही!"

दोन्ही क्लासच्या उरलेल्या प्रती गोदामात होत्या. आम्ही दोघी ओलं फडकं घेऊन बसलो. पाठ भिजवायची, पुठ्ठा सोडवायचा, पट्टी उलटून बघायची. विलास आला, "काय करून राहिलाव? माल खराब होतो!" मी हातातली सुरी खाली ठेवली नाही, नुसती त्याच्याकडं पाहिलं. तो जिना उतरला. जरा वेळानं मुनीरभाई वर आले. बाह्या सरसावल्या आणि तिसरं फडकं घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आपानं एक पट्टी उचलली आणि माझ्यापुढं धरली. माझा पेन्सिलीचा गोल. 'तिघी वेगळ्या. ठेवणे.' आणि त्यावरून लाल शाईची रेघ. शेजारी लाल शाईनं एक ओळ, तिच्याखाली सही.

मुनीरभाईंनी वाचलं. "मंगलबाई, मला माफ करा," म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

मी ती पट्टी पुस्तकासकट पिशवीत घातली आणि गावची एसटी धरली. आई ओट्यावर गहू निवडत होती. वर बघितलं नाही. मी पट्टी तिच्या सुपावर ठेवली.

"हे मी लिहिलेलं. ठेवणे म्हणून. अन् ही लाल रेघ माझी न्हाई."

आईचा हात थांबला. "लाल काय लिहिलंय? वाच."

मी बोट ठेवून वाचलं, "ही बाई हयात आहे. नाव काढावे."

आईनं त्या लाल अक्षरांवरून बोट फिरवलं. तीन महिन्यांनी पहिल्यांदा तिनं माझा हात धरला. घट्ट.

"कुणाची सही हाय?"

मी बोट खाली सरकवलं.

"दगडू रामा माने. तुझा जावई."