हरवलेला बैल शोधायला सोयगावला

माझा बैल कुणालाच सापडेना, म्हणून मी सोयगावला गेले.

मी शहरात, उस्मानपुऱ्यात राहते आणि मोबाइल गेमची चित्रं करते. नव्या गेममध्ये कपाशीच्या शेतात हरवलेला बैल शोधायचा आहे. गाव मी मामांचं, म्हणजे सोयगावच, डोळ्यांपुढं ठेवून जीव ओतून रंगवलं होतं. पण खेळणारे वैतागून गेम बंद करत होते. आमच्या मॅडमनी बजावलं, "सोमवारपर्यंत बैल दिसला नाही, तर गाव काढून बर्फाचा डोंगर टाकू."

खरे रंग जुळवायला औरंगपुऱ्यातल्या दुकानात भिंतींच्या रंगांचं शेडकार्ड मागितलं. दुकानदारानं विचारलं, "कितने कमरे का काम है?"

"गाव रंगवायचंय."

त्यानं एकाऐवजी दोन कार्डं दिली.

शनिवारी सकाळची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळं खिशाला चाट नाही. सिल्लोडला भजी खाऊन घ्या, पण पोटभर नको; पुढं अजिंठ्याचा घाट आहे. मी पोटभर खाल्ली होती.

दुपारी शेतात मातीला कार्ड लावून बघत होते, तर मामा म्हणाले, "शेताला कलर मारायचाय व्हय?"

मी त्यांच्या हातात गेम दिला. त्यांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला, चष्मा पुसला. "बैल नाय दिसत. पण कापूस लई भारी आलाय. एकरी किती निघतो?"

"मामा, बैल!"

"कसा दिसंल? आभाळ नटलंय, कापूस नटलाय, बांधसुद्धा नटलाय. लग्नात समद्याच बाया नवरीवाणी नटल्या, तर नवरदेवानं हार कुणाला घालावा?"

मला राग आला. मामींच्या भाकरी-ठेच्यानं तो थोडा उतरला.

संध्याकाळी गुरं परतली. धुळीत सगळी एकाच रंगाची. मामांनी लांबूनच बोट दाखवलं, "त्यो आपला."

"कशावरून?"

"डावं शिंग भगवं, उजवं निळं. पोळ्याला मीच रंगवतो. धुळीत बैल नाय दिसत, शिंग दिसतं."

शेडकार्ड मी तिथंच पिशवीत कोंबलं.

रविवारी घरी येऊन आभाळ फिकं केलं, कापूस मळवला, बांध विझवला. माझ्याच हातांनी, जीव तुटत होता. भडक ठेवली फक्त दोन शिंगं. सोमवारी मॅडमनी पहिल्या नजरेत बैल पकडला. "राहू दे तुझं गाव," म्हणाल्या. मला रडूच आलं.

मामांना गेम पाठवला. लगेच फोन आला, "घावला! पण इतका येळ उन्हात हुता बिचारा. पाणी कुठंय?"

म्हणून आता गेममध्ये पाण्याचा एक हौद आहे. बैलाला पाणी पाजल्याचे गुण मिळत नाहीत. मामा तरी रोज पाजतात.